लोरेंझ वेमायरचं अहो-जाहो

लोरेंझ वेमायरला पुरलं त्या दिवशीसुद्धा कबरस्तानाच्या फाटकाशी दोघं कुजबुजत होते, "काही म्हणा, पण चौतीस साली हा तुरुंगातून एवढ्या लवकर सुटला कसा?" मी त्यांच्या मागेच उभी होते. म्हटलं, "मेल्यांनो, माणूस खड्ड्यात उतरला, आता तरी सोडा की त्याला!" दोघांनी टोप्या सारख्या केल्या आणि पुढे सटकले. एरवी मी त्यांना असं सोडलं नसतं. पण तोच प्रश्न मीही अकरा वर्षं चघळला होता, तेव्हा फार बोलायला तोंड नव्हतं.

मी अल्विना श्टूके. जर्मनीतल्या या लोहब्रुकमध्ये जन्मले, इथेच सिगार वळत म्हातारी झाले. आमच्या गावात मूल चालायला लागायच्या आधी तंबाखूची पानं चाळायला शिकतं, असं बाहेरचे म्हणतात. म्हणोत. स्वभावानं मी संशयी. आई म्हणायची, हिला दूध दिलं तर आधी वास घेते. माझ्या या स्वभावाची मला कधी लाज वाटली नाही, आणि नाझींच्या त्या बारा वर्षांत तर तो फार उपयोगी पडला.

लोरेंझ माझ्या शेजारच्या बाकावर बसायचा. बसायचा म्हणजे, उभाच असायचा. आमच्याकडे रीत अशी की वळणाऱ्यांपैकी एकानं पेपर वाचायचा, आणि बाकीच्यांनी त्याच्या वाटचे सिगार वळून द्यायचे. लोरेंझचा आवाज चांगला, म्हणून लहान वयातच वाचायचं काम त्याच्याकडे आलं. वळायला तो अगदीच सुमार! त्याचा सिगार एकीकडे पोटुशी आणि दुसरीकडे उपाशी. पण वाचायला लागला की आमचे हात आपोआप चालायचे. संसदेतली भाषणं, खाणीतले संप, कुठल्या कुठल्या देशांच्या बातम्या. मध्येच थांबून विचारायचा, "अल्विना, तुला काय वाटतं?" शाळेत मला कुणी हे कधी विचारलं नव्हतं.

आमचा पक्ष सोशल डेमोक्रॅटांचा. पक्षात एक पद्धत होती. माणूस साथी झाला की अहो-जाहो संपलं. म्हातारा असो, बाई असो, वकील असो, सगळे 'तू'. मला आठवतंय, मी पहिल्यांदा सभेला गेले तेव्हा पांढऱ्या दाढीचा एक आजोबा म्हणाला, "ये गं साथी, तू इथे बस," आणि मी त्याला "तू सरक जरा" म्हणताना लाजून अर्धी झाले. पण एकदा जीभ वळली की मग गोड लागायचं ते. बाहेर सगळं जग आम्हाला हुकूम करायला अरे-तुरे करायचं. आमच्यातलं अरे-तुरे मात्र बरोबरीचं होतं.

लोरेंझनं तर कमालच केली. संपाच्या वेळी बोलणी करायला तो कारखान्याच्या मालकाकडे गेला. मालकाची कामगारांना अरे-तुरे करायची जुनी खोड. "काय रे वेमायर, तुला काय पाहिजे?" लोरेंझ खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "मला मजुरी वाढवून पाहिजे. तुला काय पाहिजे?" मालकाचा चेहरा बिटासारखा झाला. "मला 'तू' म्हणतोस?" तर हा म्हणतो, "सुरुवात तू केलीस. अहो-जाहो हवं असेल तर तेही तूच सुरू कर, मी लगेच येतो मागून." संप निम्माच यशस्वी झाला, पण त्या दिवसापासून मालक आम्हाला 'तुम्ही' म्हणायला लागला. हे आम्ही मजुरीपेक्षा जास्त मिरवलं.

पुढे लोरेंझ नगरपालिकेवर निवडून गेला, मग प्रांताच्या विधिमंडळावरही. तिथे त्यानं फार मोठे दिवे लावले असं मी म्हणणार नाही. पण गावात सार्वजनिक न्हाणीघर त्यानंच भांडून आणलं. गरम पाणी, चिनी मातीच्या फरशा, शनिवारी बायकांना वेगळी वेळ. विरोधक त्याला 'अंघोळ्या वेमायर' म्हणायचे. तो म्हणायचा, "म्हणा, म्हणा. अंघोळ करून म्हणा." बायको थेक्ला त्याला सभेहून परत यायला उशीर झाला की दारातच ऐकवायची, "आलास? गावाला धुऊन झालं असेल तर घरातली भांडी पडलीत." आणि हा खरंच बाह्या सरसावायचा.

आता एमिलचं सांगते, कारण सगळा गुंता तिथेच आहे.

एमिल ब्राकमान रेल्वेच्या मालधक्क्यावर होता. मनानं आमचाच, लोरेंझचा जिवलग मित्र. पण पक्षात त्याचं नाव नव्हतं, आणि ते मुद्दाम. नाझी सत्तेवर येणार असं दिसायला लागलं तेव्हा लोरेंझनंच त्याला सांगितलं होतं, "तू बाहेरच राहा. कुणीतरी असं हवं ज्याच्यावर कुणाची नजर नाही." रस्त्यात भेटले तर दोघं नुसते टोपीला हात लावायचे, शेजारगावच्या माणसांसारखे. तेहतीस साली पक्षावर बंदी आली, त्याच्या आदल्या आठवड्यात आमचं पत्रकं छापायचं यंत्र एमिलनं मालधक्क्यावरून कुठेतरी हलवलं. कुठे, ते त्यालाच माहीत. एमिल आमचा आहे हे त्याच्या बायकोखेरीज चौघांना ठाऊक होतं. लोरेंझ, मी, ह्युबर्ट चांभार, आणि एमिलचा मेहुणा आर्नो.

आर्नो म्हणजे एमिलच्या बायकोचा, हेडविगचा, धाकटा भाऊ. बेकरीवाला. त्याला आम्ही काही सांगितलं नव्हतं, पण रविवारी बहिणीकडे जेवायला जायचा, तिथे त्याच्या डोळ्यांना दिसायचं ते दिसलं. आणि याच गड्यानं तेहतीसच्या वसंतात नाझींचा तपकिरी शर्ट चढवला. का, तर बराकीतल्या पावाचं कंत्राट मिळावं म्हणून! हेडविग त्याला म्हणाली, "शोभतो हो तुला, पिठाचे डाग तेवढे झाकत नाहीत."

लोरेंझला जुलैमध्ये धरला. गळ्यात पाटी अडकवून बाजारातून फिरवला. पाटीवर लिहिलं होतं, 'मी जनतेला फसवलं.' ज्यांना त्यानं न्हाणीघर दिलं ते खिडक्यांचे पडदे ओढून आत बसले. थेक्ला मात्र त्याच्या बाजूनं सबंध रस्ता चालत गेली, भाजीची पिशवी हातात घेऊन, जशी काही दोघं बाजारालाच निघाली आहेत.

शरदात एमिलला मालधक्क्यावरून उचलला. आणि थंडीत दलदलीतल्या कैद्यांच्या छावणीतून निरोप आला की त्याचं हृदय बंद पडलं. पेटी खिळे ठोकून बंद करून पाठवली होती. उघडायची नाही म्हणून हुकूम. असलं हृदय बंद पडणं आम्ही ओळखून होतो.

तेव्हापासून लोहब्रुकमध्ये पकडून देणारा कोण, हा एकच प्रश्न. एमिलला कुणी दिलं?

हेडविगनं फार विचार केला नाही. सकाळी पावाची रांग लागली होती, तिच्यातून ती सरळ पुढे गेली आणि भावाला म्हणाली, "तूच ना?" आर्नोनं 'हो' म्हटलं नाही आणि 'नाही' तर मुळीच म्हटलं नाही. हातांवरचं पीठ बघत उभा राहिला. हेडविग थुंकली आणि निघून गेली. त्यानंतर ती पाव आणायला शेजारच्या गावी चालत जायची, बर्फ असो की चिखल. आई वारली तेव्हा आर्नो येणार म्हणून ही मातीलाही गेली नाही.

मला विचाराल तर मीही आर्नोवरच बोट ठेवलं होतं. जो निर्दोष असतो तो ओरडतो, निदान मी तरी ओरडले असते. पण चौतीसच्या उन्हाळ्यात लोरेंझ सुटून आला, आणि माझ्या मनात दुसरी पाल चुकचुकली.

एक तर इतरांना वर्षानुवर्षांच्या शिक्षा झाल्या, आणि हा वर्षभरात घरी! दुसरं, त्याला लगेच काम दिलं. न्हाणीघरात झाडू मारायचं आणि संडास धुवायचं. आता मला कळतं की तो त्याचा पाणउतारा होता. स्वतः बांधलेल्या न्हाणीघरात त्याला ब्रश घेऊन गुडघ्यांवर बसवलं होतं. पण तेव्हा आमच्यातल्या कुणाला दारात उभं करत नव्हते, तिथे याला नगरपालिकेचा पगार. ह्युबर्ट चपलेला टाका घालता घालता म्हणाला, "काहीतरी विकल्याशिवाय कुणी काही देत नाही, अल्विना."

मी म्हटलं, आपण स्वतः बघू. एका सकाळी पुलावर तो समोरून येताना दिसला. हाडं तेवढी उरलेली, चष्म्याची एक काच तडकलेली. संशय बिंशय सगळं विसरले आणि धावले. "अरे लोरेंझ! किती वाळलास रे तू! ये घरी, बटाट्याचं पिकर्ट भाजते, वर प्लमचा मुरंबा घालून खा."

तो जागच्या जागी थांबला आणि मोठ्यानं, अगदी सभेतल्या आवाजात म्हणाला, "बाई, तुमची-माझी ओळख काय? मला एकेरी हाक मारायला मी तुमचा कोण लागतो? जिभेला आवर घाला."

मला वाटलं थट्टा करतोय. हसले. "अरे, डोकं-बिकं फिरलं काय तुझं?"

"पुन्हा तेच! मी पोलिसांत तक्रार करीन."

पुलाच्या कठड्याशी एक हिरव्या टोपीचा माणूस बुटाची नाडी बांधत होता. आमच्या गावचा नव्हता. मी त्याच्याकडे पाहिलं, लोरेंझकडे पाहिलं, आणि कानशिलं तापली माझी. आणि त्यानं तक्रार केलीच हो! दुसऱ्या दिवशी आमचा जुना पोलीस दारात. बिचाऱ्याला कसं सांगावं कळेना. "श्टूकेबाई, ते आपलं... वेमायरनी लिहून दिलंय की तुम्ही त्यांना अरे-तुरे केलं. मला तुम्हाला समज द्यायची आहे." मी म्हटलं, "दे बाबा समज. त्या अंघोळ्याला जाऊन सांग, माझ्या तोंडून त्याचं नावसुद्धा निघणार नाही." दार आपटलं आणि मग स्वयंपाकघरात बसून रडले. त्यानं आमचं 'तू' काढून घेतलं होतं. मारलं असतं तरी एवढं लागलं नसतं.

मग कळलं, सगळ्यांशी तेच. जुन्या साथीनं टोपी काढली की हा रस्ता ओलांडायचा. कुणी बोललंच तर 'अहो', 'आपण', 'माफ करा, मी ओळखत नाही.' वर हात उंचावून तो नवा सलाम! बायकांनी कपडे धुताना थेक्लाला पाठ दाखवायला सुरुवात केली. एकीनं तिला विचारलं, "काय गं, नवऱ्याला महिन्याला किती मिळतात, डोक्यामागे?" थेक्लानं चादर पिळली, वाळत घातली आणि टोपली उचलून निघून गेली. तिला खरं माहीत होतं की नव्हतं, मी आजही सांगू शकत नाही. लढाईच्या वर्षांत ती आजारानं गेली. पुरायला चार माणसं होती. मी गेले होते, कोण कोण येतं ते बघायला. हिरवी टोपी आली होती.

तरी ह्युबर्टला एकदा दया आली. पहिल्याच थंडीत तो सूपचं भांडं घेऊन मागच्या दारानं लोरेंझकडे गेला. त्याच आठवड्यात त्याला धरला. चार वर्षं आत. आता सांगा, संशय येणार नाही तर काय होईल? गावानं लोरेंझचं नाव टाकलं.

छत्तीस साली पुन्हा धरपकड झाली. मलाही नेलं. टेबलामागचा साहेब मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "तुम्हीच ना त्या, वेमायरनी ज्यांची तक्रार केली?" मी म्हटलं, "मीच. आणि पुन्हा भेटला तर पुन्हा शिव्या घालीन." साहेब हसला आणि मला सोडलं. घरी येताना डोक्यात एक किडा वळवळायला लागला. मी सुटले कशानं? लोरेंझच्या तक्रारीनं. मग लगेच दुसरा विचार आला की हाही सापळाच असेल, मी खूश होऊन त्याच्याकडे जावं म्हणून. नाही गेले. दारं-खिडक्या बंद करून तो किडा मी नऊ वर्षं पाळला.

लढाई संपली. इंग्रज आले. पंचेचाळीसच्या शरदात पक्ष पुन्हा उभा करायला परवानगी मिळाली, आणि रविवारी दुपारी शाळेच्या व्यायामशाळेत पहिली सभा भरली. काचा फुटलेल्या, सगळे कोट घालून बसलेले. अध्यक्ष ह्युबर्ट. हेडविग पहिल्या ओळीत, काळ्या कपड्यांत. आणि कुणी बोलावलं नसताना लोरेंझ वेमायर आला. आत शिरला नाही, दाराच्या चौकटीत उभा राहिला. म्हणाला, "मला पुन्हा यायचंय. घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

कुणीतरी ओरडलं, "लाज नाही वाटत?"

ह्युबर्टनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. छावणीत त्याचे पुढचे दात गेले होते, त्यामुळे तो हळू बोलायचा. "वेमायरसाहेब," तो म्हणाला, आणि त्या 'साहेब'नं माझ्याच अंगावर काटा आला, "मी तुमच्याकडे सूप घेऊन आलो होतो. आठवतंय?"

"आठवतंय. मी दार उघडलं नाही. आतून ओरडलो, चालते व्हा."

"आणि मी बाहेरून काय म्हणालो?"

"तू म्हणालास, 'लोरेंझ, उघड रे, सूप गार होतंय.' समोरच्या माडीवर खिडकी उघडी होती." लोरेंझनं घसा साफ केला. "माझी सुटका कशाला केली ठाऊक आहे? सोडताना तो साहेब म्हणाला, जा, सगळ्यांना भेट, मजा कर. मी काय बोलतो याची त्यांना गरजच नव्हती. माझ्याशी अरे-तुरे कोण करतं, एवढंच त्यांना ऐकायचं होतं. गळाला लावलेलं गांडूळ होतो मी. तुम्हाला सांगायला कुणाजवळ गेलो असतो तर तोच अडकला असता. मग एकच उपाय उरला. तुम्ही माझ्या वाऱ्यालाही उभं राहू नये असं वागायचं."

"सोयीची गोष्ट आहे," मागून एक जण म्हणाला.

"फारच सोयीची," दुसरा.

माझ्या डोक्यातला किडा उठून बसला. मीही उठले. "ए, गप्प बसा जरा! यानं माझी तक्रार केली म्हणून मी छत्तीसला सुटले. आणि आठवून बघा, यानं रस्त्यात ज्याला ज्याला झिडकारलं त्यातला एक तरी छावणीत गेला का? एक तरी?" लोक एकमेकांची तोंडं बघायला लागले. नव्हतं कुणी. "मला काही हा आवडत नाही अजून," मी म्हटलं, "पण जे आहे ते आहे."

सभा वळली. ते अंगाला कळतं. माणसं खुर्च्यांत सैल होऊन बसतात, कुणीतरी खोकतं. ह्युबर्टसुद्धा मऊ झाला. "मग आता एकच शेवटचं," तो म्हणाला. "एमिलला कुणी दिलं? तुला माहीत नसेल तर नाही म्हण आणि ये आत."

सगळ्यांनी हेडविगकडे पाहिलं. उत्तर तर आम्हाला ठाऊकच होतं, तिथून दोन गल्ल्यांवर आर्नो पाव भाजायचा. लोरेंझनं 'नाही' म्हटलं असतं तर कुणी पुढे विचारलं नसतं. पुढच्या निवडणुकीत तोच उभा राहिला असता. अगं बाई, एवढा एकच शब्द!

"मी," लोरेंझ म्हणाला.

हेडविगनं वळून त्याच्याकडे पाहिलं.

"मला आठवडाभर झोपू दिलं नव्हतं. चष्मा फोडला होता. दार उघडलं आणि एमिलला आत ढकललं. त्यानं बाहेर त्यांना सांगितलं होतं की वेमायरला मी फक्त तोंडओळखीनं जाणतो. हे मला कुठून कळणार? मी मान वर केली आणि तोंडातून निघून गेलं, 'अरे, तू पण?'" लोरेंझनं चष्मा काढून हातात घेतला. "संपलं. साहेबानं मला सिगारेट दिली. म्हणाला, तुमच्या लोकांना मारायलाच लागत नाही, तुमचं हे 'तू' पुरतं. मग यंत्र कुठे आहे ते एमिलकडून काढायला घेऊन गेले. त्यानं सांगितलं नाही."

हेडविगनं बसल्या जागेवरूनच विचारलं, "एमिल काय म्हणाला? तुमच्या त्या 'तू पण'वर?"

"वेमायरनं सोंग काढलंय, मी याला ओळखत नाही, असं तो म्हणू शकला असता. मी वाट बघत होतो की आता म्हणेल. तो माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, 'मी पण रे, लोरेंझ. तुला काय एकट्यालाच यायचं होतं?'"

हेडविगनं डोळे मिटले. तिच्या ओठांचा कोपरा हलला, कारण बोलणं अगदी त्याचंच होतं, कुणाला बनवून सांगता आलं नसतं. मग ती उठली. मला वाटलं आता ही त्याच्या मुस्काटात मारणार, आणि खरं सांगते, मी अडवलं नसतं. ती त्याच्यापाशी गेली आणि म्हणाली, "चला माझ्याबरोबर. हे जसंच्या तसं माझ्या भावासमोर सांगा. मला एकटीला ते जमायचं नाही."

मी मागोमाग निघाले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मला बघायचंच होतं.

आर्नो बेकरीच्या मागच्या खोलीत सोमवारच्या पावाचं पीठ मळत होता. बहीण उंबऱ्यात दिसली तसा तो एक पाऊल मागे सरकला, जणू काही ती मारायलाच आलीय. लोरेंझनं सगळं पुन्हा सांगितलं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. आर्नो ऐकत राहिला. मग परातीच्या कडेला धरून त्यानं विचारलं, "म्हणजे... मी नव्हतो?"

"'मी नव्हतो' म्हणजे काय?" हेडविग म्हणाली.

"त्या वर्षी खानावळीत... बियर चढली होती गं. मी म्हणालो, आमचे मेहुणे रविवारी पोस्टमनपेक्षा जास्त कागद वाहतात. सगळे हसले. कोण कोण होतं, मला आठवत नाही. आणि मग त्याला धरलं." तो हातांवरचं पीठ खरवडायला लागला. "तू रांगेत येऊन विचारलंस, तेव्हा मला वाटलं, तुला ते कळलंय. मी काय बोलणार होतो?"

"अकरा वर्षं?" हेडविग म्हणाली. "मूर्खा, अकरा वर्षं तू..."

इथे माझा संशयी स्वभाव आडवा आला. माझ्या डोक्यात लख्ख पडलं. एमिलवर कुणाची नजर नव्हती. पक्षात त्याचं नाव नव्हतं, रस्त्यात तो लोरेंझशी बोलत नव्हता. मग त्याला लोरेंझसमोर आणावा हे पोलिसांना सुचलंच कसं? कुणीतरी आधी काहीतरी ऐकल्याशिवाय? बियर पिऊन कुणीतरी हसल्याशिवाय? मी तोंड उघडलं. लोरेंझ माझ्याकडेच बघत होता. त्याच्याही डोक्यात तेच आलं होतं, त्याच क्षणी, मी शपथेवर सांगते. बारा वर्षं तो हा प्रश्न घेऊन झोपला असेल, आणि उत्तर समोर पीठ माखून उभं होतं. त्याच्या पाठीवरचं निम्मं ओझं उतरवायला दोन वाक्यं पुरली असती.

"नाही, आर्नो," लोरेंझ म्हणाला. "खानावळीतल्या गप्पांनी कुणी पकडलं जात नाही. मीच होतो."

मी तोंड मिटलं. हेडविग जाऊन भावाच्या गळ्यात पडली, त्याच्या अंगावरचं सगळं पीठ तिच्या काळ्या कपड्यांना लागलं.

पक्षानं लोरेंझला परत घेतलं, पण बहुमतानं. एकमतानं नाही. नगरपालिकेला त्याला कुणी पुन्हा उभं केलं नाही. एमिलला दिल्याचं ज्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय, त्याला मत कोण देणार? तो पुन्हा आमच्या बाकावर येऊन बसला आणि वाईट सिगार वळत राहिला. मी त्याला एकदाच विचारलं, "अरे, निदान मला एकटीला तरी मोठ्यानं सांग, आर्नोचं तुलाही तसंच वाटलं ना?" तो पान भिजवत म्हणाला, "तुझा स्वभावच संशयी, अल्विना." आता आर्नो नाही, हेडविग नाही, आणि काल लोरेंझलाही माती दिली, म्हणून बोलले.